महिंद्राच्या एमएम ५४० जीपचे पाटे बदलण्याआधी

मित्रा, जीप उंच करायची घाई करू नकोस. जास्त कमान दिलेले जाड पाटे (पोलादी पट्ट्यांच्या थप्पीच्या लीफ स्प्रिंग) टाकलेस तर गाडी रुबाबदार दिसेल, पण खडकावर एक चाक हवेत लटकेल. चाक जमिनीला धरून राहायला हवं असेल तर पानं, म्हणजे पाट्यातल्या पट्ट्या, पातळ आणि संख्येने जास्त घे. पानाची जाडी निम्मी केली की त्याचा ताठरपणा एक-अष्टमांश उरतो. म्हणून पातळ पानांची थप्पी तेवढंच वजन पेलूनही जास्त वाकते.

त्याआधी जुनेच पाटे खोलून बघ. माझ्या पाट्यांत गंज आणि वाळलेला चिखल इतका घट्ट बसला होता की पानं छिन्नीने सुटी करावी लागली. तारेच्या ब्रशने घासून ग्राफाइट ग्रीस लावलं, शॅकलचे (पाट्याचं टोक गाडीच्या सांगाड्याला जोडणाऱ्या हलत्या कडीचे) बुश बदलले. तेवढ्यानेच गाडी मऊ झाली! पानं कमी करायचीच असतील तर वरच्या दोनांना हात लावू नकोस. मुख्य पानाचा डोळा (टोकाची गोल वळवलेली कडी) तुटला तर अ‍ॅक्सल सावरायला दुसरंच पान असतं. पाटे अ‍ॅक्सलला आवळणारे यू-बोल्ट मात्र नवेच घे.

मग एक चाक दगडावर चढव, दुसरं पूर्ण लटकू दे आणि खाली वाकून ब्रेकची रबरी नळी बघ. ताणली असेल तर लांब नळी बसवल्याशिवाय गाडी बाहेर काढू नकोस. शॉकअपचंही तसंच.