ठाण्यात वापरायला एचएफ लिनिअर (हॅम रेडिओच्या शॉर्टवेव्ह बँडवर ट्रान्समीटरची ताकद वाढवणारा अॅम्प्लिफायर) घ्यायचाय. कोणत्या कंपनीचा टिकतो आणि कोणाची सर्व्हिस चांगली?

हॅम परवान्याचा जनरल ग्रेड मिळाल्याबद्दल आधी अभिनंदन. अमेरिटरॉन, एकॉम, एसपीई आणि एलेक्राफ्ट यांतला कोणता घ्यावा, असं तुम्ही विचारलंय. या नावांबद्दल जी स्तुती वाचायला मिळते ती बहुतेक अमेरिका-युरोपातल्या हॅमची असते. त्यांचा डबा बिघडला की कुरियरने जातो आणि दुरुस्त होऊन परत येतो. आपल्याला मात्र वीस-पंचवीस किलोचं धूड परदेशी धाडायचं, आणि परत येताना कस्टम्सला पटवायचं की ही नवी खरेदी नाही, आपलीच वस्तू आहे. वाशीच्या माझ्या एका मित्राच्या सॉलिड स्टेट (ट्यूबऐवजी ट्रान्झिस्टरवाल्या) लिनिअरचं आउटपुट मॉड्यूल गेलं. कंपनीने उत्तर लगेच आणि अगदी गोड भाषेत दिलं: अख्खा सेट पाठवा. सुटं मॉड्यूल विकणार नाही, सर्किटही देणार नाही. तो लिनिअर अजून त्याच्या कपाटावर आहे.

म्हणून माझ्या लेखी चांगली सर्व्हिस म्हणजे सर्किट डायग्राम उघड असणं आणि सुटे भाग भारतात पाठवायची तयारी असणं. हे पैसे भरायच्या आधीच तपासता येतं. कंपनीला मेल टाका: बँडस्विच (बँड बदलायचा स्विच) आणि अँटेना रिले सुटे मिळतील का, ठाण्याला पाठवाल का, किती पडतील? उत्तरात भावासकट पार्ट नंबर आले तर पुढे जा. नुसतं ‘आमच्या डीलरशी संपर्क साधा’ आलं तर समजून घ्या.

शिवाय कंपनी टिकेल याचा भरवसा नाही. टोकियो हाय-पॉवरचं दिवाळं २०१३ च्या अखेरीस निघालं. अमेरिटरॉन ज्यांची, त्या एमएफजेने मे २०२४ मध्ये आपल्या कारखान्यातलं उत्पादन थांबवलं. उलट हीथकिटने लिनिअरची किट काढणं कधीच सोडलं, तरी त्यांचे एसबी-२२० लिनिअर आजही चालू आहेत, कारण सर्किट सगळ्यांकडे आहे आणि त्यातली ३-५००झेड ही व्हॅक्यूम ट्यूब अजून नवी मिळते.

एलडीएमओएसवाले (पॉवर ट्रान्झिस्टरवर चालणारे) डबे हलके, ट्यूनिंगची कटकट नाही, आणि चांगल्या कंपन्यांची प्रोटेक्शनही चोख असते. पण ते सगळं घरी उघडून बघण्यासारखं नसतं. एकॉम १००० मधली सिरॅमिक ट्यूब दणकट आहे, फक्त ती तापायला दोन-अडीच मिनिटं लागतात आणि बंद करतानाही पंखा चालू राहावा लागतो. पावसाळ्यात घोडबंदरकडे लाइट ये-जा करते तेव्हा तापलेल्या ट्यूबवरचा वारा मध्येच थांबतो. त्यामुळे ती घेतलीत तर पंख्यापुरता तरी यूपीएस ठेवा.

मी तुमच्या जागी असतो तर एका ३-५००झेडचा, अमेरिटरॉन एएल-८०बीसारखा लिनिअर बघितला असता, चांगल्या अवस्थेतला जुनासुद्धा. आपल्या परवान्याची मर्यादा ४०० वॉट आहे, दीड किलोवॉटचा राक्षस घेऊन करायचं काय? (१०० वरून ४०० वॉट म्हणजे ६ डीबी, समोरच्याच्या सिग्नल मीटरवर जेमतेम एक घर (एस-युनिट). अँटेना अजून बाल्कनीतच असेल तर आधी तिच्यावर खर्च करा.)

या ३-५००झेडच्या फिलामेंटला (आतली तापणारी तार) ५ व्होल्ट लागतात, पाच टक्के इकडेतिकडे चालतं. आपल्याकडे रात्री उशिरा लोड कमी झाला की सॉकेटला २४५ सुद्धा दिसतात. ट्रान्सफॉर्मरचा टॅप (मेन्सच्या व्होल्टेजप्रमाणे निवडायची जोडणी) २३० ला असेल तर फिलामेंट ५.२५ च्या वर जातं आणि ट्यूबचं आयुष्य गुपचूप कमी होतं. तेव्हा संध्याकाळी आणि मध्यरात्री मेन्स मोजा आणि त्यावरून टॅप ठरवा. कव्हर उघडताना प्लग काढलेला हवा, आणि एचव्ही (हाय व्होल्टेज) मीटर शून्यावर आला तरी इन्सुलेटेड दांड्याने कपॅसिटर शॉर्ट करून मगच हात घाला. आत अडीच-तीन हजार व्होल्ट असतात.

जुना बघायला जाताना डमी लोड (अँटेनाऐवजी लावायचा रेझिस्टर) आणि वॉटमीटर सोबत न्या. प्रत्येक बँडवर चालवून बघा, १० मीटर शेवटी. बँडस्विच फिरवताना खरखर लागली, किंवा त्याच्या वेफरवर (काँटॅक्ट बसवलेली चकती) काळा डाग दिसला, तर भाव कितीही पाडला तरी घेऊ नका. रिलेचे काँटॅक्ट आपल्या दमट हवेत काळे पडतातच, त्याला घाबरायचं कारण नाही, ते साफ होतात.