यूट्यूबवर फुकट असताना चॅप्लिन-कीटनचे रिस्टोअर केलेले ब्लू-रे कशाला घ्यायचे?

(प्रश्न थोडक्यात: बाबांच्या सत्तरीला चॅप्लिन, बस्टर कीटन, लॉरेल-हार्डी या जुन्या विनोदवीरांच्या सिनेमांच्या रिस्टोअर केलेल्या, म्हणजे जुन्या फिल्मवरून दुरुस्त करून काढलेल्या, डिस्क द्यायच्या आहेत. घरात चर्चा अशी की सगळं नेटवर फुकट आहे, नुसतं चित्र स्वच्छ दिसण्यासाठी एवढे पैसे का घालवायचे? आणि घ्यायच्याच तर कोणत्या?)

घ्या. पण चकाचक चित्रासाठी घेणार असाल तर नका घेऊ. पैसे मोजायचे ते वेगासाठी आणि पूर्ण चौकटीसाठी.

आमच्या राजारामपुरीच्या कट्ट्यावर एक गृहस्थ आहेत. त्यांचं ठरलेलं पालुपद, ‘मुका सिनेमा पळतोच, त्यातच तर मजा.’ अहो, सिनेमा पळत नाही, पळवलेला असतो. खरी कॉर्नरच्या कॅमेरा स्तंभावरून (आपल्या जुन्या सिनेमाचं स्मारक) रोज ये-जा करणाऱ्या कोल्हापूरकराला तरी हे सांगावं लागू नये. त्या काळी कॅमेरा हाताने फिरवायचे, सेकंदाला साधारण 16 ते 20 फ्रेम, म्हणजे एकेक स्थिर चित्रं. बोलपट आल्यावर 24 हा आकडा पक्का झाला. जुनं रीळ डोळे झाकून 24 ने सोडलं की माणसं मुंग्यांसारखी धावतात.

हिशोब सोपा आहे. 35 मिमी फिल्मच्या एका फुटात 16 फ्रेम, म्हणजे 1000 फुटी भरलेल्या रिळात 16,000. ते 24 ने चालवलं तर 11 मिनिटं 7 सेकंदांत संपतं, 20 ने 13 मिनिटं 20 सेकंद, 16 ने 16 मिनिटं 40 सेकंद. एकाच दोन-रिळी सिनेमाच्या दोन प्रतींत चार-पाच मिनिटांचा फरक दिसला की ‘काहीतरी कापलंय’ असं लोक समजतात. पुष्कळदा कापलेलं काहीच नसतं, नुसतं पळवलेलं असतं.

यात विनोदाचं काय जातं, ते ‘वन ए.एम.’मध्ये बघा (1916). जवळजवळ एकटा चॅप्लिन, दारू पिऊन घरी आलेला. जिन्याच्या वर घड्याळाचा भला मोठा लंबक हेलकावे खातोय आणि त्याला चुकवून खोलीत शिरायचंय. हसू लंबकाचा फटका बसतो तेव्हा येत नाही. त्याच्या आधी, तो झोकांड्या खात अंदाज घेतो तिथे येतं. 16 ने घेतलेला दीड सेकंदाचा थांबा 24 ने चालवला की एकाच सेकंदाचा उरतो. लंबक तेवढाच, माणूस तोच, पण अंदाज घेणं गेलं आणि राहिली नुसती आदळआपट.

ब्लू-रेमध्ये 18 किंवा 20 फ्रेमची सोय नसते, त्यामुळे चांगले लोक फ्रेम पुन्हा टाकून वेग राखतात. 20 चा सिनेमा असेल तर दर पाचवी फ्रेम दोनदा, 18 चा असेल तर दर तिसरी. यूट्यूबवरची प्रत तपासायची असेल तर संगणकावर व्हिडिओ थांबवा आणि पूर्णविरामाची कळ दाबत एकेक फ्रेम पुढे जा. एकही फ्रेम पुन्हा येत नसेल आणि माणसं पळत असतील, तर काय ते समजा. टीव्हीवर मात्र ट्रूमोशन, मोशनफ्लो वगैरे जे काही असेल ते आधी बंद करा. या दोनदा आलेल्या फ्रेममध्ये टीव्ही आपल्या मनाने नवी फ्रेम घुसडायला जातो आणि हातापायांच्या कडा फरफटतात. शार्पनेसही खाली आणा.

चौकट 4:3 चीच ठेवा. ‘टीव्ही भरून दिसावा’ म्हणून 16:9 केलं की उंचीचा चौथा हिस्सा जातो. डोकं कापलेलं चालत नाही, म्हणून बहुतेक वेळा पाय जातात. चॅप्लिनचे पाय!

आणि ते दाणे, म्हणजे फिल्मच्या चित्रात दिसणारे बारीक ठिपके. फिल्मचे दाणे म्हणजे खराबी नव्हे, चित्र त्यांचंच बनलेलं असतं. दाणे घासून काढले की चेहरे मेणाचे होतात. त्याहून वाईट म्हणजे आपोआप धूळ काढणारं सॉफ्टवेअर. एकाच फ्रेमवर दिसणारा आणि पुढच्या फ्रेमवर नसलेला ठिपका ते डाग समजून पुसतं. आता उडणारे क्रीमचे शिंतोडेही तसेच, एका फ्रेमपुरते! लॉरेल-हार्डीच्या ‘द बॅटल ऑफ द सेंच्युरी’तल्या (1927) पायफेकीत (‘पाय’ म्हणजे इंग्रजी pie, एकमेकांच्या तोंडावर फेकायचे क्रीमचे) असं सॉफ्टवेअर मोकाट सोडलं तर निम्मं क्रीम गायब. म्हणून माणसाने फ्रेम-फ्रेम बघून केलेलं काम महाग असतं.

आता कोणत्या? चॅप्लिनने म्युच्युअल कंपनीसाठी केलेले 12 सिनेमे (1916-17) लॉब्स्टर फिल्म्स आणि इटलीतल्या बोलोन्याच्या सिनेतेकाने (फिल्म संग्रहालय) रिस्टोअर केलेत, ते घ्या. लॉरेल-हार्डीसाठी 2020 चा ‘द डेफिनिटिव्ह रिस्टोरेशन्स’ हा चार डिस्कचा संच. वर सांगितलेली पायफेक त्यात आहे, तिचं हरवलेलं रीळ 2015 मध्ये सापडलं होतं. कीटनबद्दल लिहायला लागलो तर उत्तर संपायचं नाही, त्यांच्या लघुपटांपासून सुरुवात करा.

घेण्याआधी मागचं रीजनचं चिन्ह बघा, म्हणजे डिस्क कोणत्या देशांतल्या प्लेअरवर चालेल ते. भारताचा ब्लू-रे रीजन सी, अमेरिकेचा ए, ब्रिटनचा बी. डिस्क सी किंवा सगळ्या रीजनची नसेल तर इथला प्लेअर ती नाकारेल. 4के यूएचडी डिस्कला ही भानगड नाही, पण प्लेअर वेगळा लागतो. बोलपट पाल (PAL, सेकंदाला 25 फ्रेमची टीव्ही पद्धत) डीव्हीडीवर घेऊ नका. त्यात 24 चे 25 होतात आणि हार्डीचा आवाज किंचित चढतो. डिस्क उभ्या ठेवा, आपल्या पावसाळ्यात कपाटात सिलिका जेलची पुडी असू द्या, आणि पुसायचं ते मधून कडेला, गोल नाही.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. त्या काळचे विनोदवीर कॅमेरा मुद्दाम थोडा सावकाश फिरवायला लावत, म्हणजे पडद्यावर गती चढे. थिएटरवालेही बरेचदा कॅमेऱ्यापेक्षा जास्त वेगाने दाखवत. म्हणजे ‘योग्य वेग’ हा अगदी नैसर्गिक चालीचा नसतो, त्याहून थोडा वरचा असतो आणि प्रत्येक सिनेमाला वेगळा. तेव्हा कट्ट्यावरचे गृहस्थ चार आणे बरोबर आहेत, मी एवढंच कबूल करतो. बाकीचे बारा आणे डीव्हीडी छापणाऱ्याच्या आळसाचे.

‘द गोल्ड रश’ घेणार असाल तर पाठीमागे साल वाचा. 1925 चा मुका, आणि 1942 मध्ये चॅप्लिनने स्वतःच कापून, संगीत आणि आपल्या आवाजातलं निवेदन घालून काढलेला, असे दोन आहेत. डिस्कवर दोन्ही असतील तर बाबांना आधी 1925 चा लावून द्या.