एफडी मोडू नका दादा, आधी पोराला घेऊन शेठकडे जा

दादा, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि मग तुम्हाला विचारून चिरंजीवांशी फोनवर पाऊण तास बोललो. बाकी वाचणाऱ्यांना कळावं म्हणून पत्रातलं थोडक्यात सांगतो. तुम्ही अंबड एमआयडीसीत शिफ्ट सुपरवायझर, गावाकडे निफाड तालुक्यात भावासोबत दोन एकर द्राक्षबाग, पोरगा कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. मागच्या सीझनला त्याने पिंपळगावकडच्या एका द्राक्ष पॅकहाऊसला अ‍ॅप बनवून दिलं, शेठने २५ हजार दिले, आणि आता दिवाळीनंतर कळलं की तेच अ‍ॅप शेठच्या साडूकडे आणि अजून दोघांकडे पण चालू आहे, पेनड्राइव्हमधून कॉपी मारून. पोरगं भडकलंय, म्हणतंय पेटंट घेतो, कोर्टात खेचतो, कॅम्पसला बसतच नाही, स्वतःची कंपनी काढतो. एका एजन्सीने पेटंटचे सव्वा लाख सांगितलेत आणि तुम्ही विचारताय एफडी मोडू का.

नका मोडू.

आपल्याकडच्या १९७० च्या पेटंट कायद्यात कलम ३ आहे, त्यात कशाकशाला पेटंट मिळत नाही याची यादीच दिलीय, आणि त्यातल्या ‘के’ मध्ये सरळ लिहिलंय की गणिती पद्धत, धंदा करायची पद्धत, अल्गोरिदम आणि नुसता कॉम्प्युटर प्रोग्रॅम, यांना पेटंट नाही. ‘नुसता’ या शब्दावर वकील लोक वर्षानुवर्षं भांडतात आणि यंत्राच्या कामात काही खरोखरची तांत्रिक सुधारणा होत असेल तर मिळतंही, ते वेगळं. पण तुमच्या पोराचं काम म्हणजे पनेट (द्राक्षं भरायचे छोटे प्लास्टिकचे डबे) मोजणं, बायकांची हजेरी आणि स्टिकर छापणं, यात ते बसेल असं मला अजिबात वाटत नाही. शिवाय एकट्या माणसाने ऑनलाइन अर्ज केला तर सरकारी फी १६०० रुपये आणि पुढे तपासणीची मागणी करायची ४०००. बाकीचे लाखभर कसले ते त्या एजन्सीला एकदा विचारा, ड्राफ्टिंगचे, म्हणजे अर्जाचा मजकूर लिहून द्यायचे, पैसे लागतात हे मान्य, पण जे मिळायची आशाच फार कमी आहे त्याचं ड्राफ्टिंग करून काय लोणचं घालायचंय.

आता खरी गंमत. पेटंट नाही म्हणजे पोराकडे काहीच नाही असं त्याला वाटतंय, आणि शेठला वाटतंय पैसे दिले म्हणजे अ‍ॅप आपलं. दोघंही चुकताहेत. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्रॅम साहित्यकृतीत मोडतो, हो, कथा-कवितेच्या रांगेत. लिहिला की हक्क आला, नोंदणीची सक्ती नाही. माणूस पगारी नोकर असेल आणि नोकरीचं काम म्हणून कोड लिहिला असेल तर वेगळं काही ठरलेलं नसताना मालकी मालकाची, ते कलम १७. पण तुमचा पोरगा काही शेठच्या पगारपत्रकावर नव्हता. एकरकमी काम घेतलं, जीपेवर दोन हप्त्यात पैसे आले, कागद एकही नाही. आणि मालकी दुसऱ्याच्या नावावर करायची तर कलम १९ म्हणतं लेखी पाहिजे, सही पाहिजे. बरं लेखी करून पण मुदत टाकायला विसरलात तर ती ५ वर्षंच धरतात आणि प्रदेश नाही टाकला तर फक्त भारतापुरती. म्हणजे आज रोजी, जे तुम्ही मला सांगितलंय ते सगळं बरोबर असेल तर, कोड पोराचा. शेठला स्वतःच्या पॅकहाऊसमध्ये वापरायची मुभा आहे, ती त्याने पैसे देऊन घेतलीच आहे, पण साडूला वाटायची नाही.

तुम्ही बागायतदार माणूस, तुम्हाला हे पटकन कळेल. परदेशी रॉयल्टीवाल्या द्राक्षाची रोपं करार करून लावली, बाग तुमची, माल तुमचा, पण त्याच्या काड्या काढून शेजाऱ्याला कलमं विकायला लागलात तर चालेल का? शेठने काड्या वाटल्यात.

एक मात्र बघा, हे अ‍ॅप कॉलेजला फायनल इयर प्रोजेक्ट म्हणून दाखवलंय का? काही कॉलेजांचे याबाबत स्वतःचे नियम असतात, ते आधी वाचून घ्या.

आणि आता पोराला न आवडणारी गोष्ट. फोनवर बोलताना मी त्याला म्हटलं की प्रोजेक्टमध्ये बाहेरून काय काय घेतलंयस ती यादी उघड आणि एकेक वाच. वाचता वाचता एक नाव आलं, आयटेक्स्ट. पीडीएफ बनवायची लायब्ररी आहे, म्हणजे दुसऱ्याने लिहिलेला तयार कोड, त्याने क्रेटवरची स्टिकरं छापायला घेतलेली. म्हटलं लायसन काय आहे तिचं? म्हणे फ्री आहे ना सर. फ्री आहे, पण एजीपीएल लायसनखाली आहे, आणि त्याचा अर्थ असा की ती वापरून केलेला प्रोग्रॅम दुसऱ्याला दिलास किंवा नेटवर्कवरून वापरायला दिलास तर तुझा सगळा कोडही त्याच अटीवर उघडा करायचा, नाहीतर त्यांच्याकडून पैसे देऊन कमर्शियल लायसन घ्यायचं. म्हणजे जो मुलगा शेठला चोर म्हणतोय तोच दुसऱ्याचा माल अटी न वाचता वापरून बसलाय. फोनवर बराच वेळ शांतता. मग म्हणाला, सर कोणीच वाचत नाही हो ते. खरंय, कोणीच वाचत नाही, कॉलेजात चार वर्षं डेटा स्ट्रक्चर शिकवतात पण एमआयटी लायसन, अपाची लायसन आणि जीपीएल (एजीपीएलचाच भाऊ) यात फरक काय हे अर्ध्या तासाचं लेक्चर कोणी घेत नाही, आणि मग पोरं जन्मभर ‘ओपन सोर्स म्हणजे फुकट’ म्हणत फिरतात. जीपीएल लिहिणाऱ्यांनी तर कॉपीराइटचाच वापर करून ‘घ्या, बदला, वाटा, पण पुढच्यालाही तेच हक्क द्या’ अशी गाठ मारून ठेवलीय. मुंबईत बनलेलं ईआरपीनेक्स्ट बघा, कंपन्यांचा हिशोब-कारभार सांभाळायचं सॉफ्टवेअर, पूर्ण जीपीएलखाली, कोणीही घ्यावं, आणि तरी त्यामागची कंपनी होस्टिंग आणि सपोर्टवर धंदा करते. उघडा कोड म्हणजे धंदा बुडाला असं काही नसतं.

यावर उपाय सोपा आहे, त्याला सांगितलाय. आयटेक्स्ट काढ आणि अपाची लायसनवालं पीडीएफबॉक्स टाक, त्यात आपला कोड उघडा करायची अट नाही, दोन-तीन रात्रींचं काम आहे. ते झाल्याशिवाय कोणालाही नोटीस-बिटीस पाठवायची नाही, कारण समोरच्याचा वकील पहिला तोच धागा ओढेल.

मी हे एवढं ठासून का सांगतोय, तर २००३ साली मी स्वतः सातपूरच्या एका कारखान्याला पगाराचं सॉफ्टवेअर लिहून दिलेलं. तोंडी व्यवहार, चहा-मिसळवर. दीड वर्षाने शेजारच्या गाळ्यात वेगळ्याच कामाला गेलो तर समोरच्या कॉम्प्युटरवर माझंच सॉफ्टवेअर, माझीच केलेली स्पेलिंगची चूक तशीच, ‘डिडक्शन’ मधला टी खाल्लेला, आणि सुरुवातीच्या स्क्रीनवर नाव तिसऱ्याच माणसाचं. भांडलो, ओरडलो, काही झालं नाही, कारण माझ्याकडे ना कागद होता ना कोडवर कुठे तारीख. तुमच्या पोराची स्थिती माझ्यापेक्षा लाख पटीने बरी आहे भो. त्याचा कोड गिटहबवर (कोड तारखेनिशी साठवायची वेबसाइट) आहे, पहिल्या दिवसापासूनची प्रत्येक तारीख तिथे आहे, शेठचे व्हॉट्सअ‍ॅपवरचे मेसेज आहेत ‘बटन मोठे कर, बायकांना दाबता येत नाही’ वगैरे.

त्या बटणाबद्दल पण बोलायचंय. मी त्याला व्हिडिओ पाठवायला सांगितला, तो बघितला. हातमोजे घातलेल्या बाईला न बघता दाबता येईल एवढं बटण, कोल्ड रूममध्ये वायफाय जातं म्हणून मोजणी फोनमध्येच साठते आणि बाहेर आलं की आपोआप चढते, मुकादमाने एकाच बाईच्या नावावर दोनदा क्रेट टाकला तर लाल पट्टी येते, प्लॉट नंबर टाकल्याशिवाय स्टिकर निघतच नाही म्हणजे पुढे एक्सपोर्टच्या ट्रेसेबिलिटीला, माल कुठल्या बागेतला हे शोधायला, बोंब नको. हे बघून मी खरंच खुश झालो. कोड काय, आजकाल एआयला सांगितलं की पन्नास ओळी लगेच लिहून देतं, तुमचा पोरगाही अर्ध्या ठिकाणी तेच करतो हे त्याने कबूल केलंय. पण कोल्ड रूममध्ये वायफाय जातं हे एआयला कोणी सांगितलं? तो जानेवारी ते एप्रिल रोज पहाटे तिथे जाऊन उभा राहिला म्हणून त्याला कळलं. पनेट भरणाऱ्या मावशींशी तो बोलला, हे मला मार्कशीटपेक्षा मोठं वाटतं.

तर आता करायचं काय. कोर्ट नको. पॅकहाऊसवाले सगळे एकमेकांच्या नात्यागोत्यातले, एकाला नोटीस गेली की पिंपळगावपासून दिंडोरीपर्यंत पोराचं नाव खराब. तुम्ही स्वतः पोराला घेऊन शेठकडे जा, आत्ता, डिसेंबरात, कारण जानेवारीत माल चालू झाला की शेठ फोनही उचलणार नाही, आणि आत्ता त्याला नवीन सीझनसाठी अ‍ॅपमध्ये बदल हवेच असतील. शांतपणे सांगा की साडूकडे चालतंय ते कळलंय, राग नाही, पण आता चौघांचं मिळून वर्षाचं एएमसी (वार्षिक देखभाल करार) ठरवू, तुम्हाला सांभाळून दर लावतो. एएमसी हा शब्द शेठ लोकांना कळतो, कॉपीराइट म्हटलं की ते वकिलाला फोन लावतात. ठरलं की ५०० च्या स्टॅम्पवर साधा करार: कोडची मालकी पोराची, वापर चार पॅकहाऊसपुरता, मुदत इतकी, रक्कम इतकी, सोर्स कोड पुढे कोणाला द्यायचा नाही. सही करायच्या आधी एखाद्या वकिलाला दाखवून घ्या, मी वकील नाही. आणि सव्वा लाखाऐवजी ५०० रुपयांत कॉपीराइटची नोंदणी टाकून ठेवा, त्यासाठी सगळा कोड पण द्यावा लागत नाही, पहिली १० आणि शेवटची १० पानं पुरतात.

शेठ ऐकलाच नाही तर? मग परत या, पुढचं बघू.

आता कॅम्पस. त्याला बसू द्या. इथे मी तुमच्या बाजूने आहे, पण तुम्ही देताय त्या कारणासाठी नाही. तुम्ही म्हणताय नोकरी म्हणजे सेफ, आयटीत आता तसं काही राहिलेलं नाहीये, आणि तासाच्या हिशोबाने माणसं विकणाऱ्या कंपन्यांत पहिली तीन वर्षं पोरं एकाच स्क्रीनचे बग मिटवत बसतात. मी म्हणतो ते यासाठी की चार पॅकहाऊसच्या एएमसीवर अख्खं वर्ष निघणार नाही, सीझन चार महिन्यांचा. आणि मोठ्या सिस्टीम कशा चालतात, टेस्टिंग कसं करतात, दहा जणांनी मिळून एक कोड कसा लिहायचा, हे पुण्यात दोन वर्षं काढली तर कंपनीच्या खर्चाने शिकता येईल.

फक्त ऑफर लेटर आलं की सही करायच्या आधी वाचायचं. त्यात कुठेतरी मागच्या पानावर असतं की नोकरीत असताना बनवलेलं सगळं कंपनीचं. बऱ्याच कंपन्या ‘आधीची कामं’ म्हणून एक परिशिष्ट देतात, पोरं तिथे ‘निरंक’ लिहून मोकळी होतात. तिथे या अ‍ॅपचं नाव आणि तारीख लिहायची, परिशिष्ट नसेल तर एचआरला मेल करून लेखी उत्तर घ्यायचं. बाहेरची कामं करायची परवानगी पण तेव्हाच मागायची, २०२२ ला विप्रोने मूनलाइटिंगवरून, म्हणजे नोकरीत असताना गुपचूप बाहेर दुसरं काम केल्यावरून, ३०० जणांना काढल्याचं स्वतः जाहीर केलं होतं. मग सीझनच्या वेळी सपोर्ट कोण देणार? त्याचा एक ज्युनियर आहे म्हणे पंचवटीचा, त्याला आत्तापासून तयार करा, आणि त्याच्याशी पण लेखी करा!

अजून एक, पोराला या कायद्याच्या भानगडीत फारच रस आला असेल, आणि फोनवर तो मला कलमं विचारत होता त्यावरून आलाय असं दिसतंय, तर इंजिनीअरिंगची डिग्री झाल्यावर पेटंट एजंटची परीक्षा देता येते, त्याला एलएलबी लागत नाही. नागपूरला बौद्धिक संपदेचं प्रशिक्षण देणारी केंद्र सरकारची संस्था आहे, पेटंट ऑफिस मुंबईत अँटॉप हिलला. आत्ताच ठरवू नका, पण दार आहे हे माहीत असू द्या.

शनिवारी दुपारी चारनंतर मी कॉलेज रोडच्या ऑफिसला असतो. येताना व्हॉट्सअ‍ॅपचे चॅट प्रिंट काढून आणा, जीपेचे दोन्ही स्क्रीनशॉट आणा, आणि पोराला म्हणावं पीडीएफबॉक्स टाकून स्टिकर छापून आण, बघू बारकोड स्कॅन होतोय का.