व्यवस्थापनशिक्षणाचे 'उद्दिष्ट' की 'प्रयोजन'?

व्यवस्थापन महाविद्यालयात शिकवणाऱ्या एका प्राध्यापकांची पृच्छा आहे. व्यवस्थापनाचे शिक्षण मुळात कशासाठी द्यायचे, याचा नव्याने विचार करणारे चर्चासत्र त्यांच्याकडे होणार असून त्याच्या मराठी पत्रकात 'पर्पज'साठी हेतू, उद्देश, उद्दिष्ट, ध्येय आणि प्रयोजन यांपैकी कोणता शब्द वापरावा, असे त्यांनी विचारले आहे. सहकाऱ्यांचा कल 'उद्दिष्टा'कडे आहे, असेही ते कळवतात. माझ्या मते येथे 'प्रयोजन' हाच शब्द योग्य आहे; 'उद्दिष्ट' घेतल्यास चर्चासत्राचा विषयच बदलून जाईल.

'उद्देश' आणि 'उद्दिष्ट' ही एकाच धातूची रूपे आहेत. 'दिश्' म्हणजे दाखवणे, निर्देश करणे. 'उद्देश' या शब्दात आधी जाहीर केलेला संकल्प असतो, म्हणून भारताच्या संविधानाच्या प्रारंभीच्या निवेदनाला मराठीत 'उद्देशिका' म्हणतात. 'उद्दिष्ट' म्हणजे ज्याचा निर्देश केला आहे ते. परंतु सरकारी मराठीने हा शब्द आकड्यांशी इतका घट्ट बांधला आहे की वसुलीचे, वृक्षलागवडीचे किंवा लसीकरणाचे उद्दिष्ट म्हटले की पाठोपाठ टक्केवारी आलीच. उद्दिष्ट गाठता येते, चुकते किंवा पुढच्या वर्षावर ढकलता येते. 'आपल्या येण्याचे प्रयोजन काय?' किंवा 'येथे शंका घेण्याचे प्रयोजन नाही' या वाक्यांत मात्र मोजमापाचा प्रश्नच उद्भवत नाही. ती गोष्ट मुळात कशासाठी आहे, एवढेच विचारलेले किंवा सांगितलेले असते. (लग्नमुंजीसारख्या समारंभांना आपण 'कार्यप्रयोजन' म्हणतो, ती छटा येथे लागू नाही, तरी शब्दाचा पसारा किती आहे हे त्यावरून दिसते.)

'हेतू'च्या बाबतीत थोडे अधिक सावध राहावे लागते. संस्कृत काव्यशास्त्रात काव्यहेतू आणि काव्यप्रयोजन ही दोन निराळी प्रकरणे आहेत. काव्यशास्त्रकार मम्मटाने शक्ती, निपुणता आणि अभ्यास यांना काव्याचे कारण, म्हणजे हेतू, मानले, तर यश, अर्थप्राप्ती, व्यवहारज्ञान इत्यादी गोष्टी प्रयोजनांत सांगितल्या. आजच्या मराठीत हेतू हा कारणाकडून सरकून कर्त्याच्या मनात जाऊन बसला आहे, आणि त्यामुळे तो नेहमी कोणाचा तरी असतो. संस्थेचे प्रयोजन मात्र संस्थापकाच्या मनाबाहेरही उरते. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १८८१ मध्ये स्थापन झालेल्या व्हार्टन स्कूल या व्यवसायशाळेचे, म्हणजे बिझनेस स्कूलचे, उदाहरण येथे फार उपयोगी पडते. निकेल आणि लोखंडाच्या धंद्यातील उद्योगपती जोसेफ व्हार्टन यांनी देणगी देताना असे तरुण घडावेत अशी अपेक्षा व्यक्त केली की, जे खासगी किंवा सार्वजनिक जीवनात राज्याचे आधारस्तंभ ठरतील. त्याचबरोबर देशी उद्योगांना संरक्षण देणाऱ्या आयातकराची बाजू तेथे शिकवली जावी, असाही त्यांचा आग्रह होता. त्यामागील त्यांच्या हेतूविषयी वाद घालता येईल, पण त्या वादाने संस्थेच्या प्रयोजनाचा प्रश्न सुटत नाही.

हाच प्रश्न पुढे वारंवार वर आला. १९५९ मध्ये फोर्ड आणि कार्नेगी या प्रतिष्ठानांच्या पाठबळाने झालेल्या दोन अहवालांनी अमेरिकेतील व्यवसायशाळांवर उथळपणाचा ठपका ठेवला, आणि त्यानंतर तेथे गणित, सांख्यिकी, अर्थशास्त्र व वर्तनशास्त्रांचे वजन वाढले. १९६१ मध्ये कोलकाता व अहमदाबाद येथे भारतीय व्यवस्थापन संस्था उभ्या राहताना त्यांनाही फोर्ड प्रतिष्ठानाचे साहाय्य मिळाले होते. १९७० मध्ये अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी नफा वाढवणे हीच उद्योगाची सामाजिक जबाबदारी असल्याचे मांडले. व्यवस्थापनाचे अभ्यासक सुमंत्र घोषाल यांचा २००५ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झालेला लेख याच विचारप्रवाहावर तुटून पडतो: नीतिनिरपेक्ष सिद्धान्त शिकवून व्यवसायशाळांनी विद्यार्थ्यांना नैतिक जबाबदारीच्या जाणिवेतून मोकळे केले, असा त्यांचा आरोप होता. २०१९ मध्ये अमेरिकेतील १८१ कंपन्यांच्या प्रमुखांनी एका निवेदनावर सह्या करून भागधारकांबरोबर ग्राहक, कर्मचारी, पुरवठादार आणि समाज यांच्याशीही आपली बांधिलकी असल्याचे सांगितले. त्या निवेदनाच्या शीर्षकातही 'पर्पज' हाच शब्द आहे आणि तेथेही मी 'कंपनीचे प्रयोजन' असेच म्हणेन, कारण कंपन्यांकडे उद्दिष्टांची वाण कधीच नव्हती.

महाविद्यालयांकडेही ती नाही. किती विद्यार्थ्यांना नोकऱ्या लागल्या, सरासरी पॅकेज किती, मानांकनात कितवा क्रमांक, ही सगळी उद्दिष्टेच आहेत, आणि पत्रकात तो शब्द गेला की वक्ते याच आकड्यांवर बोलून मोकळे होतील, अशी मला भीती वाटते. याउलट व्हर्गीस कुरियन यांच्या पुढाकाराने १९७९ मध्ये आणंद येथे ग्रामीण व्यवस्थापनाची संस्था निघाली, तेव्हा शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांना प्रशिक्षित व्यवस्थापक मिळावेत हे तिचे प्रयोजन स्पष्ट होते. दर वर्षी किती मिळावेत, हे उद्दिष्ट झाले.

आपल्या शास्त्रग्रंथांत प्रारंभी विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी या चार गोष्टी सांगण्याची परंपरा आहे. यातील 'अधिकारी' म्हणजे साहेब नव्हे, तर ते शास्त्र शिकण्यास पात्र असलेली व्यक्ती. प्रत्यक्ष कामाचा अनुभव नसलेल्या तरुणांना वर्गात बसवून व्यवस्थापक घडवता येत नाही, हे व्यवस्थापनाचे अभ्यासक हेन्री मिन्ट्झबर्ग अनेक वर्षे सांगत आले आहेत. आपल्या परिभाषेत हा अधिकाऱ्याचा प्रश्न झाला, आणि प्रयोजन ठरल्याशिवाय तोही ठरत नाही. पृच्छकांना हवे असल्यास हे चार शब्द चर्चासत्राच्या चार सत्रांना शीर्षके म्हणून देता येतील.

'ध्येय' मी विचारातही घेतले नाही. तो शब्द भाषणात शोभतो. 'पुनर्विचार' आणि 'फेरविचार' यांत अर्थाचा मोठा भेद नाही, मात्र 'प्रयोजना'च्या शेजारी 'पुनर्विचार' अधिक जुळतो. सामासिक शब्द म्हणून 'व्यवस्थापनशिक्षण' जोडून लिहावे. तेव्हा पत्रकावर 'व्यवस्थापनशिक्षणाच्या प्रयोजनाचा पुनर्विचार' असे छापावे. आणि षष्ठीची ही दुहेरी माळ जड वाटत असेल, तर 'व्यवस्थापनाचे शिक्षण कशासाठी?' हे तीन शब्द पुरेसे आहेत.