आरतीची घुमटं वाजली की गॅस बंद

प्रिय मावशी,

फोंड्याजवळ राहते, वय ४१, नोकरी पणजीला. घरात नवरा, दहावीतला मुलगा आणि मधुमेह असलेल्या सासूबाई. पहाटे सव्वापाचला उठते. डबे, पूजा, मग पावणेआठची बस. देवघरात ११ मूर्ती आहेत, सासूबाईंच्या पद्धतीप्रमाणे रोज सगळ्यांना स्नान घालते, त्यात पाऊण तास जातो. हात पूजा करतात आणि डोक्यात डब्याची भाजी. यंदा चतुर्थीला पाच दिवस गणपती होता. माटोळी (गणपतीवर बांधायची फळं-पानं), नेवऱ्या (करंज्या), खतखतं (मिश्र भाजी), पाहुणे, कशात कमी पडू दिलं नाही. विसर्जन झाल्यावर रिकाम्या चौरंगाकडे बघताना लक्षात आलं की पाच दिवसांत मी गणपतीसमोर मिनिटभरही उभी राहिले नव्हते. त्या रात्री खूप रडले. आठ-दहा दिवस रजा काढून एखाद्या आश्रमात जावं का? की देवाचं सगळंच काही दिवस बंद ठेवू?

– फोंड्याची एक वाचक

बाय,

आश्रमात पुढे कधी जावंसं वाटलं तर जरूर जा, आत्ता नको. दहा दिवस शांततेत राहून आलीस तरी अकराव्या पहाटे तोच गजर, त्याच मूर्ती आणि तोच डबा. आणि देवाचं सगळं बंद करू नकोस. देव नकोसा झालेला माणूस रिकाम्या चौरंगाकडे बघून रडत नाही.

देवासाठी वेळ मिळत नाही असं तुला वाटतं, पण रोजचा पाऊण तास तू त्यालाच देतेस. तो सगळा देवाची कामं करण्यात जातो. घरी आलेल्या पाहुण्याला पाणी दिलं, ताट वाढलं, ताट उचललं, आणि त्याच्याजवळ दोन घटका बसलोच नाही, तसं झालंय. म्हणून नवीन काही करायच्या आधी आहे त्यातलं थोडं कमी करू.

पूजा लहान-मोठी अशी शास्त्रातच सांगितली आहे. १६ उपचारांची ती षोडशोपचार आणि पाचांची ती पंचोपचार: गंध, फूल, धूप, दीप, नैवेद्य. रोज पंचोपचार कर. सगळ्या मूर्तींचं स्नान रविवारी आणि सणावाराला. दूध-साखरेचा नैवेद्य धरून पंचोपचाराला दहा मिनिटं पुरतात. मात्र हा बदल सासूबाईंच्या नकळत करू नकोस. एवढ्या वर्षांची त्यांची पद्धत आहे, मोडली असं त्यांना वाटलं तर घरात रोजची कुरबुर सुरू होईल आणि तुझी शांतता तिथेच संपेल. त्यांना सांग, "आई, रविवारची मोठी पूजा तुम्ही जवळ बसून सांगा, तशी करते. रोज पाच उपचार करू दे." फुलं निवडणं, हार ओवणं, वाती वळणं ही बसून करायची कामं त्यांना आवडतीलही. त्यांचं मन मानत नसेल तर घरच्या भटजींना दोघींनी मिळून विचारा.

पूजेतलं एक काम मात्र मुद्दाम सावकाश कर, ते म्हणजे गंध उगाळणं. बाजारची तयार गंधाची डबी आठवडाभर बाजूला ठेव. सहाणेवर पाण्याचे तीन-चार थेंबच घे. जास्त घेतलंस तर गंध पातळ होऊन मूर्तीच्या कपाळावरून ओघळतं. खोड हलक्या हाताने एकाच दिशेने गोल फिरव, जोर लावू नकोस. पहिले काही फेरे नुसतं गढूळ पाणी दिसतं, मग सहाणेवर दाट पिवळसर लगदा जमू लागतो आणि वास उठतो. दोन-अडीच मिनिटांचं काम. पण या कामात घाई करताच येत नाही, त्यामुळे हात मंदावतात आणि हातांमागून श्वासही. पहाटेपासून पळणाऱ्या बाईला डोळे मिटून एकदम ध्यान लावायला सांगणं चुकीचं आहे. आधी हात थांबायला हवेत.

पूजा झाली की बसायचं. पंधरा मिनिटं, जास्त नको. घड्याळ म्हणून मोबाईल वापरू नकोस. तो देवघरात असला की मनाचा एक कान त्याच्याकडे लागलेला असतो, आवाज बंद ठेवला तरी. निरंजनालाच घड्याळ कर. एका रविवारी फुलवात चमचाभर तुपात लावून ती किती वेळ जळते ते मोजून घे आणि त्या हिशेबाने तूप कमी-जास्त कर. वातीच्या जाडीप्रमाणे वेळ बदलतो, म्हणून वाती एकाच हाताने वळलेल्या असाव्यात. पंख्याखाली ज्योत टिकत नाही आणि आपल्याकडच्या ऑक्टोबरच्या उकाड्यात पंखा बंद करून कोणी बसू शकत नाही, तेव्हा निरंजनाभोवती काच ठेव किंवा ते देवघराच्या आतल्या कोपऱ्यात सरकव. वेळेआधी उठावं लागलंच तर फुंकर मारायची नाही, फुलाने वात तुपात दाबायची.

बसण्याचा क्रम साधा आहे. घडी केलेल्या लोकरी आसनावर पाठ ताठ ठेवून बस. मांडी दुखत असेल तर पाटावर, तेही जमत नसेल तर खुर्चीवर, पावलं जमिनीला टेकवून. श्वास तीन वेळा लांब सोड. मग देवाला आजच्या दिवसातली एक गोष्ट सांग, आणि ती घरात बोलतेस त्या भाषेत. आपल्याकडे आरत्या मराठी, मंत्र संस्कृत आणि जिवाचं बोलणं बहुतेकांचं कोकणीत. कोकणीत बोल. देवळात गाऱ्हाणं घालतात तेही बोलीतच घालतात, त्यात कमीपणा नाही. "मुलाच्या परीक्षेची भीती वाटते" एवढं एक वाक्यही पुरे. मागण्यांची यादी वाचू नकोस.

त्यानंतर एक माळ जप. माळेत १०८ मणी आणि एक मेरूमणी. माळ मधल्या बोटावर ठेवून अंगठ्याने मणी ओढायचे, तर्जनी बाजूला. मेरू आला की तो ओलांडायचा नाही, दुसरी माळ करायची असेल तर तिथूनच उलट फिरायचं. नाम कुठलं घ्यायचं यात फार अडकू नकोस, कुलदैवताचं किंवा लहानपणापासून तोंडात असलेलं घे, आणि घेतलं की बदलू नकोस. 'ॐ नमः शिवाय' ओठांत शांतपणे म्हटलं तर माळेला पाचेक मिनिटं लागतात, तेरा अक्षरी रामनामाला ('श्रीराम जय राम जय जय राम') सात-आठ. याहून लवकर संपली तर तू नाम घेत नव्हतीस, मोजत होतीस. जप तीन प्रकारचा: मोठ्याने म्हणायचा तो वाचिक, नुसते ओठ हलतात तो उपांशु आणि मनातल्या मनातला मानस. मानस श्रेष्ठ म्हणून बहुतेक जण थेट तिथूनच सुरुवात करतात, आणि मणी बोटांत फिरत असताना मन बाजारात जाऊन येतं किंवा डुलकी लागते. तू उपांशु कर. झोप आली तर दहा नामं मोठ्याने म्हण.

माळ खाली ठेवली की लगेच उठू नकोस. वात विझेपर्यंतची दोन-तीन मिनिटं काही म्हणायचं नाही, काही मागायचं नाही, ज्योतीकडे बघत बसायचं. सगळ्यात कठीण भाग हाच, कारण पाय तोवर स्वयंपाकघरात पोचलेले असतात. कुकर लावून बसलीस तर शिट्ट्या मोजत राहशील. कुकर उठल्यावर लाव.

विचार येतीलच. गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुनानेही हीच तक्रार केली आहे की मन वाऱ्यासारखं, आवरत नाही. कृष्णाने ते नाकारलं नाही. कठीण आहे हे मान्य करून अभ्यास आणि वैराग्य हे दोन उपाय सांगितले. तुझ्यासाठी अभ्यास म्हणजे एवढंच: भटकलं हे कळलं की स्वतःला न रागावता पुढच्या मण्यावर यायचं. एका माळेत तीस वेळा भटकलं तर तीस वेळा यायचं. गॅसचा नंबर लावायचाय, फी भरायचीय असलं काही आठवून टोचत राहिलं तर शेजारी कागद-पेन्सिल ठेव, एक शब्द लिही आणि परत ये.

हे सगळं बिघडतं ते बहुधा दुसऱ्या आठवड्यात. पहिले चार-पाच दिवस छान जातात, म्हणून उत्साहाने एकाच्या पाच माळा होतात. मग एक दिवस पाहुणे येतात किंवा मुलाला ताप येतो, पाच जमत नाहीत, मन खातं, आणि माळ डबीत जाते ती पुढच्या चतुर्थीपर्यंत. एक म्हणजे एकच. चुकलेला दिवस दुसऱ्या दिवशी दोन माळा करून भरून काढायचा नाही. या एकादशीपासून पुढच्या एकादशीपर्यंत एवढाच पल्ला धर, आणि तेव्हा किती दिवस बसलीस तेवढंच बघ. कसं वाटलं याचा हिशेब ठेवू नकोस. काही दिवस अगदी कोरडे जातात आणि त्यात तुझा दोष नसतो. पाळीच्या दिवसांत घरच्या रीतीप्रमाणे पूजा करत नसशील तर ती दुसऱ्या कुणी करावी, तू खोलीत बसून जप कर. नामाला सोवळं-ओवळं नाही.

तुझा बसचा तासही हाताशी आहे. सगळा तास देवाला देऊ नकोस, थोडी झोप काढ, तिचीही तुला गरज आहे. मंगेशीचा फाटा आला की बाहेर बघून हात जोडतेच असशील. तिथून बाणस्तारीच्या पुलापर्यंत एक माळ, एवढं ठरव. बसमध्ये माळ काढायला संकोच वाटत असेल तर चार बोटांची १२ पेरं अंगठ्याने मोज. अशा ९ फेऱ्या झाल्या की १०८ भरतात. (शास्त्रातली करमाला वेगळी आहे, तिच्यात मधल्या बोटाची दोन पेरं सोडतात. ती सवडीने शीक.) डोळे उघडे ठेव, वळणांवर मिटलेस तर मळमळेल. परतीच्या बसमध्ये काही करू नकोस, खिडकीबाहेर बघ.

महिन्यातून एकदा, जमेल त्या सोमवारी, मंगेशीला उतर. संध्याकाळी पालखी असते. गर्दीत पुढे घुसायची गरज नाही. दर्शन घेऊन लगेच निघायचं नाही, पायरीवर टेकायचं, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. सात मजली दीपस्तंभ दिसेल अशी जागा धर, वीस मिनिटं बस आणि मग बस पकड. फोटो काढू नकोस.

आता चतुर्थीचं. पुढच्या वर्षी एकच नियम घरात आधीच सांगून ठेव: आरतीची घुमटं (आपली मातीच्या मडक्याची वाद्यं) वाजायला लागली की गॅस बंद. तेलात नेवरी असली तर ती काढायची, कढई उतरवायची आणि सगळ्या बायकांनी बाहेर यायचं. जेवण अर्धा तास उशिरा झालं तर कोणी उपाशी मरत नाही. नेवऱ्यांचं सारण चार दिवस आधी करून डब्यात ठेवता येतं. खतखत्याच्या भाज्या चिरायला नवऱ्याला आणि मुलाला बसव, माटोळीची फळं बांधायला हौसेने चढतात तसे. आणि पहिल्या रात्री पाहुणे गेल्यावर समईच्या उजेडात एकटीच दहा मिनिटं बस. वास्कोच्या दामोदर सप्ताहात २४ तास भजन अखंड चालतं ते एकच माणूस गातो म्हणून नव्हे, पथकं पाळीपाळीने गातात, एकजण उठला की दुसरा टाळ धरतो. तुझ्या घरात मात्र टाळ एकटीच्याच हातात आहे. दहावीतला मुलगा आठवड्यातले दोन दिवस पंचोपचार पूजा सहज करेल. दहा मिनिटांनी त्याचा अभ्यास बुडत नाही, आणि फूल थोडं वाकडं वाहिलं तर तू सरळ करायला जाऊ नकोस.

एक गोष्ट वेगळी ठेवून सांगते. रडू त्या एका रात्रीपुरतं होतं की दोन आठवड्यांहून जास्त रोज येतंय? झोप लागत नसेल, आवडत्या गोष्टींतही मन लागत नसेल, जगणंच नको वाटत असेल तर तो भक्तीतला उणेपणा मानू नकोस. डॉक्टरांना भेट, थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घे. बांबोळीला सरकारी मानसोपचार संस्था आहे, आणि टेलि-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर कधीही बोलता येतं. औषध आणि माळ दोन्ही बरोबर चालतात.

उद्यापासूनच सुरू कर, सोमवारची वाट बघू नकोस. आज रात्री ओटा पुसून झाला की सासूबाईंजवळ बस, रोजच्या पूजेचं बोलून घे, आणि बोलता बोलता दोघी मिळून आठवड्याच्या फुलवाती वळून ठेवा.

– मावशी