टर्बो पेट्रोल हॅच सिग्नलवर कमी पॉवरच्या इलेक्ट्रिक गाडीच्या मागे का पडते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुमच्याकडे टाटांची टर्बो पेट्रोल हॅचबॅक अल्ट्रोझ रेसर आहे, १२० पीएसची (पीएस म्हणजे ताकदीचं माप, साधारण हॉर्सपॉवरच). मेहुण्यांकडे टियागो ईव्ही, ७५ पीएसची. सिग्नल सुटला की मेहुणे पुढे, हायवेला लागलं की तुम्ही पुढे. मग पिकअप नक्की कुणाचा चांगला, आणि कंपन्या सांगतात ते ०-१०० चे (शून्यापासून ताशी १०० किमी गाठायला लागणाऱ्या वेळेचे) आकडे खरे मानायचे का?

आकडे सहसा खरे असतात, पण त्यातून तुम्हाला हवं ते कळत नाही. ०-१०० मध्ये दोन वेगवेगळ्या शर्यतींचा वेळ एकत्र केलेला असतो. पहिली शून्यापासून पन्नास-साठपर्यंतची, दुसरी तिथून पुढची. तुम्ही दुसरी जिंकता, मेहुणे पहिली.

हे नीट बघायचं तर मिनी या ब्रँडच्या गाड्यांची जोडी घ्या, कारण बॉडी जवळपास एकच आहे आणि फरक मुख्यतः खालच्या यंत्रात. मागच्या पिढीची पेट्रोल कूपर एस: १९२ पीएस, २८० न्यूटन मीटर टॉर्क (म्हणजे फिरवण्याचा जोर), ऑटोमॅटिकमध्ये ०-१०० ला ६.७ सेकंद. इलेक्ट्रिक कूपर एसई (२०२२ मध्ये आपल्याकडेही आली): १८४ पीएस, २७० न्यूटन मीटर, ७.३ सेकंद. बॅटरीमुळे वजन सुमारे १४५ किलोंनी जास्त. एवढंच वाचलं तर पेट्रोल जिंकली म्हणून आपण मोकळे होतो. पण एसईचा ०-६० चा आकडा आहे ३.९ सेकंद. म्हणजे पहिले साठ ३.९ सेकंदांत, आणि पुढच्या चाळीसला ३.४ सेकंद. गणित केलं तर पहिल्या टप्प्यात दर सेकंदाला सरासरी १५ किमी वेग वाढतो, दुसऱ्यात १२ पेक्षाही कमी. टॉप स्पीड १५० वर बांधलेला. कूपर एस २३५ पर्यंत जाते. शहरात एसई जास्त चपळ का वाटते ते या ३.९ मध्ये आहे, आणि जाहिरातीत तो आकडा बारीक अक्षरात असतो.

आता तुमच्या गाडीकडे येऊ. १२० पीएस ही ताकद मिळते ५,५०० आरपीएमला (आरपीएम म्हणजे इंजिनाचे मिनिटाला फेरे). सिग्नलला इंजिन आठशे-नऊशेवर घुटमळत असतं. १७० न्यूटन मीटर टॉर्क १,७५० आरपीएमपासून मिळतो असं ब्रोशर सांगतं, ते मान्य. पण त्या आरपीएमला त्या टॉर्कची ताकद होते जेमतेम ४२ पीएस. शिवाय ब्रोशरमधला टॉर्क इंजिन एका आरपीएमला स्थिर ठेवून, टर्बोला पूर्ण हवा भरायला वेळ देऊन मोजतात. सिग्नलवर तो वेळ तुम्हाला कोण देणार? पाय दाबल्यावर एक्झॉस्टचा जोर वाढायचा, त्यावर टर्बो फिरायचा, मग इंजिनात जास्त हवा जायची. तोवर तुम्ही अर्ध्या क्लचवर. रेस कमी दिली तर गाडी गचका खाते, जास्त दिली तर पुढची चाकं जागेवर घासतात. नंतर पहिल्यावरून दुसरा गिअर टाकताना क्लच दाबला की तेवढा वेळ चाकांना ताकद शून्य.

मेहुण्यांना यातलं काहीच करावं लागत नाही. मोटर शून्य आरपीएमपासून पूर्ण टॉर्क द्यायला तयार असते, गिअर एकच, क्लच नाही. टाटांनीच टियागो ईव्हीचा (मोठ्या बॅटरीच्या मॉडेलचा) ०-६० चा आकडा ५.७ सेकंद दिलाय. हा आकडा काही जगावेगळा नाही, तुमची गाडी नीट सोडली तर ती हरायचं कारण नाही. पण तो रोज, प्रत्येक सिग्नलला, एका हाताने आंबा बर्फी खात असतानाही मिळतो. तुमचा आकडा मिळवायला दरवेळी मन लावून गाडी काढावी लागते. (मेहुणे स्पोर्ट मोड लावून बसतात का ते एकदा बघा. सिटी मोडमध्ये एवढा फरक पडायला नको.)

पुढे चित्र पालटतं. मोटरचा टॉर्क एका वेगापर्यंतच टिकतो. त्यानंतर ताकद तेवढीच राहते आणि वेग वाढेल तसा चाकांवरचा जोर घटत जातो. ३० च्या वेगाला तीच ताकद जेवढं ढकलते त्याच्या निम्मं ६० ला ढकलते. हा नियम पेट्रोललाही लागू आहे, पण तुम्ही गिअर खाली टाकून इंजिन पाच हजारांवर नेऊ शकता, आणि तिथे तुमचे १२० विरुद्ध त्यांचे ७५ असा सरळ सामना होतो. खंबाटकी चढताना ट्रक मागे टाकायचा असेल तर मी तुमची गाडी घेईन, तिसऱ्या गिअरमध्ये.

मात्र यावरून ‘इलेक्ट्रिक गाड्या हायवेवर दमतात’ असा नियम काढू नका. दमते ती कमी पॉवरची मोटर. ब्रिटन-युरोपात विकली जाणारी एमजी ४ एक्सपॉवर बघा: हॅचबॅकच, दोन मोटर, ४३५ पीएस, ०-१०० ला ३.८ सेकंद. गोल्फ जीटीआय, म्हणजे ज्या गाडीवरून हॉट हॅच (छोटी पण दमदार हॅचबॅक) हा प्रकार जगाला माहीत झाला ती, आज २६५ पीएसची आहे आणि तिला ५.९ लागतात. त्यातही जीटीआयची अडचण फक्त इंजिनाची नाही. गाडी जोरात सुटली की वजन मागे सरकतं आणि ओढणारी पुढची चाकं हलकी होतात. साध्या रस्त्यावरच्या टायरांवर फक्त पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाडीला साधारण अर्धा जी (गुरुत्वाकर्षणाच्या निम्मा प्रवेग) मिळाला तरी खूप, आणि त्या हिशोबाने १०० गाठायला साडेपाच सेकंद लागतातच. मग इंजिन असो की मोटर. एमजी त्यातून सुटते ती चारही चाकं ओढतात म्हणून.

आकडे ताडून बघायचे असतील तर स्पीडोमीटरवर जाऊ नका, तो मुद्दामच थोडा जास्त दाखवतो. युरोपातल्या नियमानुसार तो खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवू शकत नाही, जास्त मात्र दहा टक्के अधिक ताशी चार किमीपर्यंत चालतं. अमेरिकन मासिकांचे आकडेही इकडच्यांशी जुळवू नका. ते बऱ्याचदा पहिल्या फुटाचा वेळ धरतच नाहीत, त्यात दोन-तीन दशांश सेकंद वाचतात.

नवी गाडी घ्यायच्या विचारातून हे विचारत असाल तर टेस्ट ड्राइव्हला चार माणसं बसवा, एसी लावा आणि मोकळ्या रस्त्यावर ६० वरून ९० ला जाऊन बघा. इलेक्ट्रिक असेल तर हेच बॅटरी वीस टक्क्यांवर असताना करायला मिळतंय का ते विचारा. चार्ज कमी असला की काही गाड्या ताकद हात राखून देतात, आणि शोरूमवाले गाडी फुल चार्ज करूनच हातात देतात.