चंद्राची जमीन भार पेलेल, हे आधी कसे कळले?

प्रश्न : रमण विज्ञान केंद्रातील तारांगण पाहून परतताना मुलाने विचारले, की चंद्राची जमीन यानाचा भार सोसेल, याची खात्री माणसे पाठवण्यापूर्वी कशी करून घेतली? कृपया खुलासा करावा.
— एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : आपल्या मुलाची शंका त्या काळच्या शास्त्रज्ञांनाही होती. चंद्रावरील सखल मैदाने बारीक धुळीने भरलेली असावीत, असे खगोलशास्त्रज्ञ थॉमस गोल्ड यांनी १९५५ मध्ये मांडले. तो थर खोल आणि भुसभुशीत निघाला तर यान त्यात रुतेल, ही धास्ती पुढे दहा वर्षे टिकली.

सोव्हिएत संघाचे लूना २ हे यान सप्टेंबर १९५९ मध्ये चंद्रावर आदळले आणि पुढच्याच महिन्यात लूना ३ ने चंद्राच्या मागील बाजूची पहिली छायाचित्रे पाठवली, परंतु जमिनीच्या बळकटीविषयी त्यांतून काही समजणार नव्हते. जुलै १९६४ मध्ये अमेरिकेच्या रेंजर ७ ने आदळण्यापूर्वी चार हजारांहून अधिक छायाचित्रे धाडली, तरीही वाद मिटला नाही. पावसानंतर विदर्भातली काळी जमीन पाय धरील की रुतवील, हे तरी नुसत्या छायाचित्रावरून कोण सांगेल?

निर्णायक पुरावा ३ फेब्रुवारी १९६६ रोजी मिळाला. त्या दिवशी लूना ९ ची सुमारे शंभर किलोची कुपी ‘वादळांचा महासागर’ या मैदानात सुखरूप उतरली, बुडाली नाही, आणि तिने आजूबाजूचे दगड दाखवणारी दृश्ये पाठवली. (हे संदेश वृत्तपत्रांच्या छायाचित्र-प्रेषणासारखे आहेत, हे इंग्लंडच्या जॉड्रेल बँक वेधशाळेने ओळखले आणि एका दैनिकाचे यंत्र आणून ती चित्रे उमटवली.)

माझ्या मते मात्र खरे श्रेय अमेरिकेच्या सर्व्हेयर या यानमालिकेला द्यावे लागेल, कारण तिने जमीन मोजून पाहिली. २ जून १९६६ रोजी उतरलेल्या सर्व्हेयर १ च्या तिन्ही पायांवर ताण मोजणारी उपकरणे होती. त्यांच्या नोंदी आणि पायांच्या तळांची छायाचित्रे यांवरून ते काही सेंटिमीटरच रुतल्याचे दिसले. एप्रिल १९६७ मध्ये सर्व्हेयर ३ ने यांत्रिक हाताच्या फावड्याने माती दाबली, चर खणले, आणि वरचा पातळ थर सैल असला तरी खालची माती घट्ट आहे, हे दाखवून दिले.

जुलै १९६९ मध्ये नील आर्मस्ट्राँग यांनी शिडीच्या पायथ्याशी उभे राहून, चंद्रावर पाऊल टाकण्याआधीच, यानाच्या पायांचे तळ एक-दोन इंचच रुतल्याचे कळवले.